सतरा नंबरची खुर्ची

१

सतरा नंबरचे गृहस्थ एकोणीस एप्रिलला वारले होते आणि आठ मे रोजी त्यांनी रक्त दिलं होतं. बारा जूनला दिलं होतं, दहा जुलैलाही दिलं होतं.

इरावतीने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमधून काढलेला रॅक तिच्यापुढे वाफाळत होता आणि त्यात बाकीच्यांच्या ट्यूब्जमध्ये तीन ट्यूब्ज शहाण्या मुलांसारख्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर सतरा नंबर आणि खाली तारीख. दाराजवळच्या भिंतीवर त्याच सतरा नंबरच्या तामातींचा फोटो लावलेला होता आणि त्याखालीही तारखा होत्या, जन्माची आणि मृत्यूची. ती आत शिरताना त्या फोटोला नमस्कार करून आली होती, म्हणून तर लक्षात आलं.

इरावती मूळची पुण्याची फार्मासिस्ट. वीस वर्षं हॅमिल्टनमध्ये औषधं मोजल्यावर ती आता संशोधन केंद्रांची तपासणी करत असे. लोकांच्या चुका काढायला पगार मिळतो याचं हॅमिल्टनच्या रोटोटुना भागातल्या तिच्या मैत्रिणींना फार कौतुक होतं. हे केंद्र मात्र देशाच्या पार उत्तरेला, होकियांगाच्या खाडीकाठी, एका बंद पडलेल्या शाळेत होतं. गावातल्या चाळीस वडीलधाऱ्यांच्या किडन्यांचा वर्षभर अभ्यास करायचा आणि तो करता करता इथल्याच तरुणांना संशोधन शिकवायचं, अशी योजना. दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी रक्त घ्यायचं. चाळीसजणांनी वर्ष पुरं केलं तर केंद्र कायमचं होणार, एक जरी कमी पडला तर प्रशिक्षण ऑकलंडला हलणार. शेवटचा शुक्रवार दोनच दिवसांवर होता. सोमवारी समिती येणार होती आणि तिच्यापुढे इरावतीच्या सहीचा अहवाल ठेवला जाणार होता.

म्हणजे चाळिसावा माणूस टिकावा म्हणून कोणीतरी मेलेल्याच्या नावावर भलतंच रक्त भरत होतं. सरळ लबाडी. दुपारी तीनपर्यंत तरी तिला तसंच वाटलं.

२

केंद्रात माणसं तीन. तिने एकेकाला वर्गात बोलावलं. वर्गच तो, फळ्यासकट. खिडकीशी एक आरामखुर्ची होती, पाठीवर विणलेली शाल. बाहेर खाडीवर धुकं इतकं दाटलं होतं की पलीकडचा काठ आहे यावर विश्वासच ठेवावा लागत होता. इरावती त्या खुर्चीत बसायला गेली तेव्हा दाराशी थांबलेले तिघंही एकदम म्हणाले, "तिथे नको."

पहिले केंद्राचे प्रमुख, डॉ. अनिरुद्ध राजाध्यक्ष. मोठं रुग्णालय सोडून या कोपऱ्यात आलेला, कपडे चुरगळलेला पण जीभ इस्त्रीची असा माणूस.

"इरावतीताई, एप्रिलचं मला विचारूच नका. वडील गेले म्हणून मी पाच तारखेला पुण्याला गेलो, तो थेट तीसला परत आलो. तामातींची मातीसुद्धा मला मिळाली नाही."

"मग ते गेल्यावर तुमच्याकडे किती माणसं उरली?"

"चाळीस. मी तामातींना धरूनच मोजतो."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की इरावतीच्या कपाळावर आठी उमटली. मेलेल्याला धरून मोजणारा माणूस तिला मुळीच आवडला नाही. तिने पुढचं ऐकून न घेताच वही मिटली.

दुसरी मेरेआना. इथलीच नर्स, वर्षभरात संशोधन शिकून तयार झालेली. फ्रीजरची किल्ली तिच्याकडे. इरावतीने तीन ट्यूब्जचं नाव काढताच तिचा चेहरा उतरला. मेलेल्याची बाधा लागू नये म्हणून इथल्या रीतीप्रमाणे तिने कोपऱ्यातल्या वाडग्यातलं पाणी बोटांनी स्वतःवर शिंपडलं.

"पहिल्या दोन मी जूनमध्येच पाहिल्या होत्या," ती म्हणाली. "कोणाला बोलले नाही. मला वाटलं, कोरो अजून इथेच आहेत."

कोरो म्हणजे आजोबा. गावात तामातींना सगळे तसंच म्हणत. चाळीस वर्षं याच शाळेत मास्तर होते, खिडकीशी ती खुर्ची त्यांचीच. आपली पोरं शिकायला ऑकलंडला जातात ती परत येत नाहीत, म्हणून म्हाताऱ्याने दारोदार फिरून हे केंद्र इथे आणवलं होतं.

"दहा जुलैला मातारिकीची सुट्टी होती," मेरेआना सांगत राहिली. "केंद्र बंद. पहाटे सगळं गाव टेकडीवर. तो तारकांचा पुंजका उगवला की वर्षभरात गेलेल्यांची नावं पुकारायची, मग ती माणसं तारे होतात. मी स्वतः कोरोंचं नाव पुकारलं. तरी रॅकमध्ये त्यांची ट्यूब आलीच. ते गेलेच नाहीत."

मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका, हे इरावतीला ठाऊक होतं. मेरेआनाच्या डोळ्यांतली भीती खरी होती, पण भीती खोट्या माणसालाही असते.

"फळ्यावर हे काय आहे?" तिने विषय बदलला. पांढऱ्या खडूने एक गणित लिहिलेलं होतं. एक भाग द्रावणात नऊ भाग पाणी घातलं तर किती पट पातळ? खाली उत्तर होतं, नऊ.

"शार्दूलचं आहे. दहा पाहिजे. कोरो आम्हाला हिशेब शिकवायचे. चुकलेलं उत्तर ते कधी पुसत नसत. म्हणायचे, राहू दे, ज्याचं आहे तो येईल आणि स्वतः पुसेल."

तिसरा तो शार्दूल. सत्तावीस वर्षांचा, साताऱ्याचा. हॅमिल्टनला शिकला, तिथल्याच ते-रापा भागातल्या एका दुकानात खोकी उचलली आणि दोन वर्षांपूर्वी इथे आला. रक्त घेणं, ट्यूब्जवर लिहिणं, नोंदी ठेवणं, सगळं त्याच्याकडे.

"मॅडम, मी हीप्स ऑफ सॅम्पल्स हँडल करतो. एखादी मिस्टेक झाली असेल."

"एक नाही, तीन. आणि तामाती वारल्याची नोंद कुठेच नाही."

तो खाली बघत राहिला. "लिहिणार होतो. हातच होत नव्हता."

एवढ्यात इरावतीचा फोन वाजला. हॅमिल्टनच्या मंडळाची मधुवंती. गणपतीच्या प्रसादाची यादी चालू होती. "अगं, राजारामभाऊंचं नाव तिसऱ्या दिवसाला तसंच ठेवू ना? गेल्या वर्षीसारखं?"

"ठेव," इरावती म्हणाली आणि फोन बंद केला. तिचा नवरा राजाराम जाऊन दोन वर्षं होत आली होती. त्याच्या पाळीचा शिरा तीच करून नेत असे. यादीतून नाव काढायला कोणी सुचवलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. शार्दूलकडे बघताना तिला उगाचच कानकोंडं झालं.

३

रक्त कोणाचं आहे हे कळायला एक सोपी वाट होती. अभ्यासाच्या ट्यूब्ज वर्षअखेरीस एकदम तपासायच्या, म्हणून आजवर एकही उघडली नव्हती. पण शिकणाऱ्यांसाठी वर्गात एक छोटं यंत्र होतं. तिने तिघांना समोर बसवून सतरा नंबरच्या सगळ्या ट्यूब्जमधला थेंब थेंब वितळवला. शार्दूल म्हणाला की त्याची तब्येत बरी नाही. ती म्हणाली की मग तर बसच.

किडनीचा जो आकडा शंभराच्या आत असावा, तो तामातींच्या बाबतीत सप्टेंबरमध्ये दोनशे दहा होता. मग हळूहळू चढत दहा एप्रिलला तीनशे ऐंशी.

मग तिने मे महिन्याची ट्यूब लावली. यंत्र घरघरलं. सहाशे बारा.

जूनची लावली. सहाशे दहा.

जुलैची, सहाशे अकरा.

असा आकडा घेऊन माणूस चालू-फिरू शकत नाही, तो अंथरुणाला खिळतो आणि थोड्या दिवसांत जातो. इथल्या तिघांपैकी कोणाचंच हे रक्त नव्हतं. गावातल्या कुठल्याही धडधाकट माणसाचं नव्हतं. तिने रक्तगट पाहिला, जुना कागद काढून ताडून पाहिला.

"हे त्यांचंच आहे," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला. "तिन्ही ट्यूब्जमध्ये तामातींचंच रक्त आहे."

मेरेआना उठून बाहेर गेली. खिडकीशी त्या खुर्चीवरची शाल घसरून खाली पडली. वाऱ्याने पडली असेल. पण खिडकी बंद होती.

४

तपासणीचं काम करणाऱ्या बाईने भुताखेतांवर विश्वास ठेवू नये, आणि इरावती ठेवतही नव्हती. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला भीती वाटली नाही, हेवा वाटला. कोणाचा तरी नवरा मेल्यावरही आपली पाळी चुकवत नव्हता. राजारामने तर साधा चष्मासुद्धा जागेवरून हलवला नव्हता.

मग तिने स्वतःलाच दम भरला आणि फ्रीजर रिकामा करायला घेतला. जाड हातमोजे चढवून एकेक खण काढला, हात बधिर होईपर्यंत. सगळ्यात खालच्या खणात, मागे, बर्फाच्या थराखाली मलमाचा एक जुना डबा होता. झाकण उघडायला तिला चमचा घालावा लागला.

आत कापसात एक ट्यूब होती. सतरा नंबर. तिने तारीख वाचली, मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग पुन्हा तारीख वाचली.

चौदा ऑगस्ट. आज बारा होती. मेलेल्या माणसाने परवाचं रक्त देऊन ठेवलं होतं.

५

तिने यंत्रात थेंब टाकला. सहाशे अकरा. आणि तिला एकदम हसू आलं. भूत कितीही हौशी असलं तरी महिन्यामहिन्याला अगदी सारखं रक्त देत नाही, कारण जिवंत माणसाचंसुद्धा तसं राहत नाही. चारही ट्यूब्ज एकाच दिवशी भरल्या होत्या, माणूस जिवंत असताना. दहा एप्रिलनंतर आणि एकोणीसच्या आत. पुढच्या तारखा आधीच लिहून ठेवायच्या आणि दर महिन्याला डब्यातली एक काढून रॅकमध्ये लावायची.

कोणी? त्या दिवसांत अनिरुद्ध पुण्यात होते, ते सुटले. उरले दोघं. किल्ली मेरेआनाकडे असली तरी दिवसा फ्रीजरला कुलूप नसे.

संध्याकाळी शार्दूलने तिला घरी जेवायला बोलावलं. तपासायला आलेल्या बाईला उपाशी पाठवायचं नाही, एवढं साताऱ्याचं वळण त्याच्यात होतं. पिठलं, भात, आणि डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या ब्रेडचा ढीग. इरावती ताट घेऊन उठली आणि ओट्याशेजारच्या भिंतीपुढे थबकली.

तिथे मराठी कॅलेंडर होतं, आईने पाठवलेलं. दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारला लाल पेनाचा गोल. तिने जुलैचं पान उलटून पाहिलं. दहा तारखेच्या चौकोनात तिथी होती, नक्षत्र होतं, सूर्योदयसुद्धा साताऱ्याकडचा होता. मातारिकीची सुट्टी नव्हती. ती कशी असेल?

"शार्दूल," ती पाठमोरीच म्हणाली, "जुलैत रक्त कधी घेतलं रे?"

"सतरा तारखेला. दहाला सुट्टी होती ना..."

तो तिथेच थांबला.

"एकोणचाळीसजणांच्या ट्यूब्जवर सतरा जुलै आहे. सकाळी रॅक काढला तेव्हा मी पाहिलं, पण डोक्यात शिरलं नाही. एका तामातींच्या ट्यूबवर दहा आहे. ज्या दिवशी केंद्राला कुलूप होतं. मेरेआना मातारिकी विसरेल? ती तर टेकडीवर नाव पुकारत होती. ती सुट्टी दर वर्षी सरकते. एप्रिलमध्ये बसून पुढच्या दुसऱ्या शुक्रवारांच्या तारखा कोणीतरी अशा कॅलेंडरवरून उतरवल्या, ज्याच्यात ती छापलेलीच नाही. या गावात असं कॅलेंडर एकाच घरात आहे."

शार्दूलच्या हातातली पळी भांड्यात पडली.

६

"बदलणार होतो मी ती तारीख," तो पळी बाहेर काढून ठेवत म्हणाला. "पण गोठलेल्या ट्यूबवरून लेबल निघत नाही. आणि काकू, ते कोरोंनी स्वतः चिकटवलेलं होतं."

मॅडमची काकू कधी झाली ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"सतरा एप्रिलला मी त्यांना बघायला गेलो होतो. जेमतेम बोलत होते. मला म्हणाले, मी गेलो की किती उरतील? मी म्हटलं, एकोणचाळीस. ते म्हणाले, मग चार ट्यूब आण. मी नाही म्हणालो, खरंच नाही म्हणालो. तर म्हणाले, ही शाळा एकदा माझ्या डोळ्यांदेखत बंद झाली आहे, दुसऱ्यांदा माझ्यामुळे बंद करू नकोस. मी फोनवर कॅलेंडरचा फोटो बघून तारखा लिहिल्या. दहा जुलै म्हटल्यावर ते हसले. का ते विचारलं, तर म्हणाले, स्वीट ॲज, म्हणजे झकास." तो रडत होता, आणि ते लपवण्याइतकी ताकद त्याच्यात नव्हती. "दर महिन्याला तो डबा उघडताना मला वाटायचं, तेच हात पुढे करून बसलेत."

"अनिरुद्धांना का नाही विचारलंस?"

"त्यांच्या घरी सुतक होतं. तेराव्याच्या गडबडीत फोन करून काय विचारू, अजून एक माणूस मरणार आहे, तो मेला तर चालेल का? असं अभद्र कसं बोलायचं?"

इरावतीने पिशवीतून अभ्यासाची नियमावली काढली. शेवटची बारीक अक्षरांची पुरवणी तिने स्वतःही त्याच संध्याकाळी पहिल्यांदा वाचली होती. ही गोष्ट मात्र तिने अहवालात लिहिली नाही. तिने बोट ठेवलं.

अभ्यासाच्या काळात मृत्यू आल्यास त्या व्यक्तीचा सहभाग पूर्ण झाला असे समजावे.

शार्दूलने दोनदा वाचलं.

"अनिरुद्ध त्यांना धरून चाळीस मोजत होते ते याच्यामुळे," ती म्हणाली. "मी त्यांना बोलू दिलं नाही. तामाती मेले तरी चाळिसातच होते रे. एक अभद्र प्रश्न विचारला असतास तर एकाही खोट्या ट्यूबची गरज नव्हती. आता केंद्राला धोका आहे तो त्यांच्या मरणाचा नाही, या चार ट्यूब्जचा."

"मग आता?"

ही सही आपल्या हातात आहे हे इरावतीला त्या वेळी फार जड झालं. चार ट्यूब्ज मोरीत ओतल्या तर कोणाला कळणार होतं? मेरेआनाला कळलं असतं. ती जन्मभर त्या फ्रीजरवर पाणी शिंपडत राहिली असती.

"आता ज्याचं आहे त्याने यायचं आणि पुसायचं," ती म्हणाली.

७

शुक्रवारी धुकं नव्हतं. एकोणचाळीस म्हातारे-म्हाताऱ्या वर्गात बसले होते, चाळिसावी खुर्ची खिडकीशी. तामातींची बायको हेरा तिच्या शेजारी बसली होती. समितीला द्यायचा कबुलीजबाब शार्दूलने रात्रीच स्वतःच्या हाताने लिहून दिला होता. आता तो सगळ्यांपुढे उभा राहिला आणि "किया ओरा" असा नमस्कार करून त्याने सगळं सांगितलं, ट्यूब्ज, डबा, तारखा. आवाज फुटत होता तरी काही गाळलं नाही.

मग हेरा काठी टेकत उठली.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "तू गेल्यावर मला म्हणाला, पोराने मला मातारिकीच्या दिवशी रक्त द्यायला बसवलंय. मी म्हटलं, अरे मग सांग की त्याला. तर म्हणाला, राहू दे. ज्याचं आहे तो येईल." ती शार्दूलपाशी आली आणि तिने त्याच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. "चार महिने वाट बघायला लावलीस."

मेरेआना हमसून रडली. जूननंतर प्रथमच तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

चारही ट्यूब्ज समितीने पाहिल्यावर हेराला परत द्यायच्या आणि तिने त्या नवऱ्याशेजारी मातीत ठेवायच्या, असं ठरलं. समितीने पुढे सगळ्यांचे कान चांगले पिळले, केंद्र मात्र राहिलं. नोंदींची वही मेरेआनाकडे गेली. शार्दूलचं पद गेलं आणि तो तिच्या हाताखाली पहिल्या धड्यापासून शिकायला बसला. हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. त्या शुक्रवारी त्याने फक्त फळ्याजवळ जाऊन नऊ पुसले आणि दहा लिहिले.

इरावती गाडीत बसली, पण तिने चावी फिरवली नाही. खाडीचा पलीकडचा काठ लख्ख दिसत होता. तिने मधुवंतीला फोन लावला.

"तिसऱ्या दिवसाचं राजारामचं नाव काढ."

मधुवंती म्हणाली, "अगं, राहू दे ना. कोणाची काही हरकत नाही."

"माझी आहे," इरावती म्हणाली. "शिरा मीच करणार आहे. माझं नाव लिही."